दुःखाला बसायला जागा हवी

दुःख किती दिवस करायचं, याचं वेळापत्रक आपल्याकडे ठरलेलं आहे. दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, रडायलाही सोबत असते. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे एसटीत बसले, की मात्र दुःखानं शहाण्यासारखं गप्प बसावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. "आता मुलांकडे बघ," हे वाक्य तर नवरा गेलेल्या प्रत्येक बाईनं ऐकलेलं असतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे एक अमेरिकी अल्बम. रॉक, इंडी वगैरे संगीत आमच्या घरात मुलीच्या मोबाइलपुरतंच. मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्यांना इंडी म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. तिनं मला ऐकवला फिल एल्व्हरम या गायकाचा 'अ क्रो लुक्ड अ‍ॅट मी' हा 2017चा अल्बम. 'माउंट इरी' या नावानं तो जवळजवळ एकट्यानंच गाणी करतो. त्याची बायको जेनेव्हिएव्ह कास्त्रे चित्रकार होती, गाणीही करायची. 2015मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. जुलै 2016मध्ये ती गेली. मुलगी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची.

त्याच वर्षी त्यानं ही गाणी केली. कुठे, तर तिच्याच खोलीत. आणि बरीचशी तिचीच वाद्यं वापरून. या गाण्यांत ना मोठा ठेका, ना आर्त ताना. गातोय की कुणाशी बोलतोय, असं वाटावं इतका साधा आवाज. आणि विषय काय? तिच्या मृत्यूनंतर आठवड्याभरानं घरी तिच्या नावाचं पार्सल येतं. उघडून बघतो तर लेकीसाठी दप्तर! लेक शाळेत जाईल तेव्हासाठी तिनं गुपचूप मागवून ठेवलेलं. दुसऱ्या एका गाण्यात न्हाणीघरातल्या कचऱ्याचा डबा आहे. तिचा दात घासायचा ब्रश त्यात आहे, आणि तो डबा इतके दिवस तसाच राहून गेला होता.

मला इंग्रजी शब्द कळायला दोन-तीनदा ऐकावं लागलं, पण दप्तर आणि ब्रश लगेच कळले. नवरा गेलेल्या बायका अशाच तर बोलतात. त्या 'विरह' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्यांची चप्पल अजून दारात आहे, मोबाइलचं रिचार्ज संपू देत नाही. शोक म्हणजे घरातल्या वस्तूंचा हिशोब असतो आणि तो तेरा दिवसांत पुरा होत नाही. एल्व्हरमचाही झाला नाही. 2018मध्ये त्याचा पुढचा अल्बम आला, तोही बराचसा याच दुःखाचा. त्याच वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं, ते फार टिकलं नाही. पण लग्न केलं म्हणून पहिलीला विसरला असं नाही, आणि तिच्यावर गातो म्हणून जगणं थांबवलं असंही नाही. आपल्याकडे मात्र नवरा गेलेली बाई जरा मोकळं हसली, की "विसरली वाटतं!" असं म्हणायला लोक तयारच.

हे अमेरिकेतलं फॅड आहे, असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे हे शतकानुशतकं होतं, जात्यावर! पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचा हात, एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं उचलून धरायची. घरघर चालू असल्यामुळे बोललेलं बाहेर जात नसे, आणि हात कामात असल्यामुळे सासूला बोलायला जागा नसे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजारावर गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं त्या लोकांपर्यंत आणल्या. योगायोग पाहा, हा अल्बमही त्याच वर्षीचा. त्या ओव्यांमध्ये आई-बाप गेल्याचं, लेक परक्या घरी दिल्याचं सगळं दुःख आहे. सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही. नवऱ्याआधी अहेव मरण यावं, अशी मागणीही त्यांत आहे. पण बोलायला जागा होती, आणि ऐकायला समोर दुसरी बाई होती.

शिकलेल्या बायकांनी ही जागा कागदावर शोधली. बेळगावच्या इंदिरा संतांचे पती 1946मध्ये गेले. त्याआधी दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह आलेला होता. पुढे 1951मध्ये 'शेला' आला, तो त्यांचा एकटीचा. आपल्या नगरमध्ये राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी तर पती 1919मध्ये गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेऊन पुरं केलं. आणि आज जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाई चौंडीच्या लेक. पती, सासरे, मुलगा असे एकामागून एक गेले, तरी त्यांनी राज्य चालवलं. त्यांच्या कर्तबगारीवर आपण भाषणं करतो, पण त्यांच्या दुःखाबद्दल किती बोलतो?

गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. मात्र जात्याबरोबर ती जागाही गेली. आता जातं निघतं ते लग्नात हळद दळायला, आणि तिथे हात लावायचा मान फक्त सवाष्णींचा! जिला जात्याची सगळ्यात जास्त गरज, तीच बाजूला उभी.

बदल होतोय, नाही असं नाही. मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कोरोनात पती गमावलेल्यांसाठी 2021मध्ये आपल्या अकोल्याच्या हेरंब कुलकर्णींच्या पुढाकारानं एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, सरकारचं 'मिशन वात्सल्य' आलं. वारसनोंद, रेशनकार्ड, पेन्शन ही कामं व्हायलाच हवीत. पोट आधी, हे मी कामातून पाहते. पण अर्जात दुःखाचा रकाना नसतो. आमच्या बचत गटातली एक बाई मला म्हणाली, "ताई, कागदं समदी झाली. पण ह्यांचं नाव काढलं की माणसं उठून जात्यात." तिला सल्ला नको होता. समोर कुणी बसलेलं हवं होतं.

पुरुषांचं तर त्याहून अवघड. बायको गेली की वर्षाच्या आत दुसरी बघायची, मूल आजीकडे टाकायचं, आणि डोळ्यांत पाणी आलं तर "बाईसारखा रडतो" म्हणायचं. लेकीला सांभाळत सांभाळत बायकोच्या ब्रशवर गाणं करणारा तो बाप म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच गाण्यात त्याचा संकोच कळतो, की असल्या गोष्टीचं गाणं करावं की करू नये. तरी त्यानं केलं, आणि हजारो अनोळखी माणसांनी ते बसून ऐकलं.

मैत्रिणींनो, आपल्याला अल्बम काढायचा नाही. महिन्याला बचत गटाची सभा होतेच. हप्त्यांचा हिशोब झाला की अर्धा तास राखून ठेवू या. जिला बोलायचंय तिनं बोलावं, ओवी येत असेल तर म्हणावी, नाही तर नुसतं बसावं. इतरांनी फक्त ऐकायचं, "मुलांकडे बघ" म्हणायचं नाही. आमच्या गटात येत्या महिन्यापासून हे सुरू करतोय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या बायकांना पहिल्या ओळीत बसवायचं, हेही ठरलंय. त्याला दोन-तीन घरांतून विरोध होईल, याची कल्पना आहे. त्या घरांत मी स्वतः जाणार आहे.