टोपण कोणाच्या बोटांसाठी?

पेनला टोपण असते. इंजेक्शनच्या सुईला टोपण असते. भाजी चिरून झाली की विळीचे पाते आडवे करून ठेवावे, हे आपल्याकडे लहान मुलींना आणि मुलांनाही आवर्जून शिकवले जाते. धारदार वस्तूचे काम संपले की तिची धार झाकावी, हे शहाणपण आपल्याला नवे नाही. मग न्हाणीघरातल्या फळीवर, दात घासायच्या ब्रशांच्या शेजारी, दाढीचा रेझर उघडा का पडलेला असतो?

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण एखादी लहानशी वस्तू नीट घडवायची म्हटली, तर पदार्थविज्ञान, यंत्रशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि थोडीशी माणुसकी या साऱ्यांची गाठ कशी पडते, हे पाहण्यासाठी रेझरच्या टोपणाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. या लेखात मला एक मतही मांडायचे आहे. हे टोपण आजवर रेझर वापरणाऱ्याचा विचार करून बनवले गेले. ते बनवताना सर्वांत आधी विचार व्हायला हवा तो त्या रेझरला सर्वांत शेवटी स्पर्श करणाऱ्या हाताचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या कामगाराच्या हाताचा.

आधी रेझरची थोडी ओळख करून घेऊ. पूर्वी दाढी होई ती उघड्या वस्तऱ्याने. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे नावाच्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून पात्याची फक्त कड बाहेर ठेवली. सुताराच्या रंध्यातून पाते जेवढे डोकावते, तेवढीच. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याला १९०४ मध्ये पातळ, बदलता येणाऱ्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. १९७१ मध्ये दोन पाती एकाच प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमची बसवलेले कार्ट्रिज बाजारात आले. तेव्हापासून दांडा तोच ठेवायचा आणि बोथट झाले की पुढचे कार्ट्रिज तेवढे बदलायचे, ही पद्धत जगभर रुळली.

या यंत्राला 'सुरक्षित' म्हणतात, पण ही सुरक्षितता दाढी करताना, गालापुरतीच असते. दाढीला पाच मिनिटे लागतात असे धरा. दिवसाचे उरलेले २३ तास ५५ मिनिटे रेझर कुठेतरी पडून असतो. प्रवासाच्या पिशवीत चाचपडणारे बोट, फळीपर्यंत हात पोचलेले लहान मूल, यांच्यासाठी त्या चौकटीत काहीही योजना नसते. टोपणाचे काम इथे सुरू होते.

टोपणाने प्रथम धार सांभाळली पाहिजे. रेझरच्या पात्याची कड आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरीही पाते बोथट होते ते केसामुळेच! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचे कारण दाखवून दिले. धार नुसती घासून झिजत नाही. केस वाकून विशिष्ट कोनात कडेवर दाबला गेला, की पोलादाचा सूक्ष्म कपचा उडतो. मऊ केस जर एवढे करू शकतो, तर पिशवीतली किल्ली किंवा कंगवा किती करील? म्हणून टोपण असे हवे, की त्याचा आतला भाग धारेला कुठेही टेकणार नाही. त्याने कार्ट्रिजला पकडावे ते पाठीकडून आणि दोन्ही बगलांकडून.

दुसरी गोष्ट पाण्याची. 'स्टेनलेस' पोलाद गंजतच नाही, असा समज आहे. या पोलादातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. परंतु क्षार असलेले पाणी आणि साबणाचा राप कडेवर साचून राहिला, तर या थराला जागोजाग छिद्रे पडू शकतात. विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत तर ही शक्यता अधिक. ओला रेझर घट्ट बंद टोपणात कोंबला की आपण धारेला दमट कोठडीत डांबतो. म्हणून टोपणाला तळाशी पाणी निथळण्यासाठी आणि वर हवा खेळण्यासाठी छिद्रे हवीत. ती इतकी लहान हवीत, की मुलाच्या करंगळीचे टोकही आत जाऊ नये.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि ती आपल्याला रुग्णालयांनी शिकवली आहे. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण घालताना कितीतरी परिचारिकांना आणि डॉक्टरांना सुया टोचल्या आहेत. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण, आणि टोपणाचा हात सुईच्या टोकाकडे जातो. म्हणून वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण घालू नये, असा नियम झाला. म्हणजे संरक्षणासाठी केलेली वस्तूच इजा करू लागली! रेझरचे टोपण धारेच्या समोरून दाबून बसवायचे असेल, तर हीच चूक पुन्हा होईल. टोपण उघडून ठेवावे, रेझर दांड्याला धरून त्यात टेकवावा आणि झाकण पाठीमागून मिटावे. बोटे नेहमी पाठीकडे.

असे उघडझाप करणारे झाकण बनवायला वेगळी बिजागरी लागत नाही. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पट्टा लाखो वेळा वाकवला तरी तुटत नाही. सॉसच्या बाटलीचे झाकण तुम्ही पाहिले असेल, ते असेच. मात्र हे प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसते. आकसण्याचे प्रमाण १.५ टक्के धरले आणि टोपणाची आतली लांबी ४० मिलिमीटर हवी असेल, तर साच्यात ती ४० भागिले ०.९८५, म्हणजे सुमारे ४०.६ मिलिमीटर ठेवावी लागेल. अर्ध्या मिलिमीटरची ही चूक केली, तर टोपण एकतर बसणार नाही किंवा बसून गळून पडेल.

असे साचे घडवणारी माणसे फार दूर नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत वाहनांचे व इतर यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. चिकलठाण्याला साचे व हत्यारे बनवण्याचे शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूम आहे. प्लॅस्टिक अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या 'सिपेट' या केंद्र सरकारी संस्थेचे केंद्रही याच शहरात आहे. तेव्हा 'आपल्याकडे कोण करणार?' हा प्रश्न इथे उद्भवत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. याच शहराने, त्याचे नाव औरंगाबाद असताना, कचऱ्याचा मोठा धडा घेतला. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावच्या डेपोवर टाकला जाई. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या परिसरातील गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. ओला व सुका कचरा वेगळा द्या, हे घरोघर सांगितले जाऊ लागले. हे उत्तमच झाले. पण कचरा वेगळा करणे याचा अर्थ असा, की कोणीतरी आपल्या हातांनी तो चाळतो. पूर्वी जे पाते डेपोच्या ढिगात गडप होई, ते आज सुक्या कचऱ्याबरोबर एका माणसाच्या बोटांखाली येते.

साध्या कापडी हातमोज्यातून रेझरची धार सहज आरपार जाते. जखम लहान, पण धोका लहान नाही. धारेवर वाळलेल्या रक्ताचा अंश असू शकतो आणि कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकू शकतो. देशातील घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरगुती घातक कचऱ्याची जी यादी होती, तिच्यात वापरलेल्या सुया व सिरिंजांचा स्पष्ट उल्लेख होता; दाढीच्या पात्याचा नव्हता. पुष्कळ लोक पाते वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून टाकतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण कागद भिजतो, फाटतो आणि पुडीत काय आहे हे बाहेरून कळत नाही. पुण्यात वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम झाली, ती यासाठीच: पाहणाऱ्याला हात लावण्यापूर्वी कळावे.

म्हणून माझे म्हणणे असे. टोपणाला दोन कामे द्या. कार्ट्रिज चालू आहे तोवर ते उघडावे आणि मिटावे. कार्ट्रिज निकामी झाले की तेच टोपण उलट्या बाजूने बसवताच कायमचे बंद व्हावे. हे अवघड नाही. टोपणाच्या आतल्या आकड्याची दोन्ही अंगे उतरती ठेवली, तर तो अडकतो आणि ओढल्यावर सुटतो. एक अंग उतरते आणि दुसरे काटकोनात ठेवले, तर अडकल्यावर सुटत नाही. वायरी बांधायच्या प्लॅस्टिक पट्टीत हीच युक्ती असते. लसीकरणात वापरली जाणारी सिरिंज एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होते, तिच्यामागचा विचारही हाच. टोपणाचा रंग लाल ठेवावा, म्हणजे ते बाहेरून ओळखू येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. ४५ मिलिमीटर लांब, २५ रुंद, १५ खोल आणि १ मिलिमीटर जाडीची, एका बाजूने उघडी डबी घ्या. तिला सुमारे ३.२ घन सेंटिमीटर प्लॅस्टिक लागेल, म्हणजे जवळपास ३ ग्रॅम. किलोला १०० रुपये दर धरला तर कच्चा माल ३० पैशांचा. साचा तीन लाखांचा आणि त्यातून दहा लाख नग निघाले असे मानले, तर नगामागे आणखी ३० पैसे. त्यात वीज, मजुरी आणि वाहतूक मिळवली तरी एका कापल्या बोटाच्या औषधपाण्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधीच प्लॅस्टिकचा एवढा कचरा, त्यात दर कार्ट्रिजमागे तीन ग्रॅमची भर कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावर उपायही दिसतो. नवी कार्ट्रिजे ज्या प्लॅस्टिकच्या तबकडीत विकत मिळतात, तिच्यात प्रत्येकासाठी एकेक कप्पा असतोच. नवे कार्ट्रिज काढले की कप्पा रिकामा होतो. जुने कार्ट्रिज त्यात धार आत करून दाबले आणि ते तिथेच पक्के अडकून बसले, तर वेगळे टोपण लागणारच नाही. चारही कप्पे भरले की तबकडी टाकून द्यावी. नवे प्लॅस्टिक शून्य. बदलायचा तो केवळ कप्प्यातल्या आकड्याचा कोन. हे काम उत्पादकांचे आहे आणि ते त्यांच्याकडून ग्राहकांनी मागून घेतले पाहिजे.

मात्र कोणतीही रचना टेबलावर बसून पुरी होत नाही. जिलेट कंपनीचीच हकिकत आहे. भारतासाठी केलेला एक रेझर तिने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला. भारतात मात्र तो चालला नाही. विद्यार्थ्यांच्या खोलीत नळाचे वाहते पाणी होते. इथे असंख्य लोक वाटीभर पाण्यात दाढी करत आणि त्यात रेझरमध्ये अडकलेले केस निघत नसत. मग कंपनीची माणसे भारतात घरोघर जाऊन लोक दाढी कशी करतात ते पाहत बसली. त्यातून २०१० मध्ये एकाच पात्याचा, मोजक्या भागांचा, १५ रुपयांचा रेझर आला.

त्यांनी दाढी करणाऱ्याला पाहिले. तुम्ही एक पाऊल पुढे जा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रकल्प घ्या. खऱ्या पात्याला हात लावू नका. कार्ट्रिजच्या मापाचा लाकडी ठोकळा पुरे. पुठ्ठ्याचे किंवा जुन्या डबीचे टोपण बनवा. ओल्या हाताने आणि जाड हातमोजा घालून ते मिटते का पाहा. वह्यांबरोबर पिशवीत घालून शंभर वेळा हलवा. सुटले तर का सुटले ते लिहून ठेवा. आणि सकाळी घंटागाडी दारात आली, की गाडीवरच्या ताई-दादांना विचारा: कचऱ्यात हात घालताना तुम्हांला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? त्यांचे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच टोपणाची आकृती काढायला बसा.