डिकी, डौल आणि कन्नडचा घाट

चाळीसगावच्या पोरांचं एक बरं असतं. गाडी चांगली की वाईट, हे ठरवायला त्यांना ब्रोशर लागत नाही. घाट लागतो. कन्नडचा घाट! कागदोपत्री त्याचं नाव औट्रम घाट. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. पण साहेबाचं नाव घेतो कोण? ‘घाटात ओढते का?’ एवढाच प्रश्न. जी ओढते ती गाडी, बाकीचे पत्र्याचे डबे.

हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी आमची चाळीसगावकर गँग सध्या याच प्रश्नावर पेटली आहे. निमित्त, आमच्यातल्या एकाची नवी गाडी. हौस स्पोर्टी गाडीची, बजेट ऑन-रोड बारा-चौदा लाखांचं आणि अटी चार. एक, शुक्रवारी रात्री ऑफिसमधून निघून नगर, संभाजीनगर, कन्नड करत घरी पोचायचं. दोन, परत येताना आई डिकीत जे जे कोंबेल ते मावलं पाहिजे (बाजरी, उडदाचे पापड, भरताची वांगी आणि ‘शेजारच्या काकूंच्या मुलीसाठी एक छोटी पिशवी’, जी कधीच छोटी नसते). तीन, गाडी चालवताना मजा आली पाहिजे. आणि चार, सगळ्यांत महत्त्वाची. आप्पांना दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी घाट चढून संभाजीनगरला न्यायचं असतं. गुडघे गेलेले, वय सत्तरीच्या पुढे. खाली वाकून बसायच्या गाडीत ते बसतात, पण उतरताना दोघं लागतात.

आता या चार अटी एकत्र वाचा आणि सांगा, कुठल्या प्रकारची गाडी डोळ्यांसमोर येते? युरोपातल्या माणसाला विचाराल तर तो क्षणात म्हणेल, वॅगन! म्हणजे सेडानचंच खालचं अंग, तोच रुबाब, फक्त मागची डिकी छतापर्यंत वर नेलेली. सामान भरपूर, वजन खाली, वळणावर गाडी रस्त्याला चिकटलेली. आपल्याकडे मात्र शोरूममध्ये जाऊन ‘वॅगन दाखवा’ म्हणालात तर सेल्समन तुम्हाला वॅगनआर दाखवेल!

असं नाही की आपल्याकडे प्रयत्नच झाले नाहीत. पुण्याच्या टेल्कोनं १९९२ मध्ये इस्टेट आणली. दिसायला अगदी फॉरेन, पण डिझेल इंजिनाला त्या अंगाचा भार सोसत नव्हता. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, १.६ लिटरचं मस्त पेट्रोल इंजिन. फियाटनं पालिओच्या घराण्यातली अ‍ॅडव्हेंचर आणली, ओपेलनं कोर्सा स्विंग, टाटांनी २००४ मध्ये इंडिगो मरिना. एकही टिकली नाही. लोक म्हणायचे, डिकी वेगळी दिसत नाही मग सेडानचे पैसे कशाला मोजायचे? आणि गल्लीतल्या काकांचा शेरा ठरलेला, ‘अँब्युलन्स घेतली का रे?’ या एका वाक्यानं जेवढ्या वॅगन मारल्या असतील, तेवढ्या कुठल्या प्रतिस्पर्धी कंपनीनं मारल्या नसतील.

या सगळ्यांत आमचं खरं प्रेम ऑक्टाव्हियावर. कारण ती ‘आपली’. स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला उभा राहिला, म्हणजे घाट चढून गेलं की तिचं माहेर. तिची कॉम्बी नावाची वॅगनही काही काळ इथे विकली गेली. आणि २००४ मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस! १.८ लिटर टर्बो, १५० बीएचपी, त्या काळात गल्लीत उभी राहिली तरी पोरं गोळा व्हायची. आमच्यातल्या एकानं अशी एक सेकंडहँड आरएस सांभाळून ठेवली आहे. पार्ट मिळवायला तो जेवढा फिरतो तेवढी ती गाडी स्वतः फिरत नाही. पण घाटात बाकीच्यांना चिडवायचा हक्क त्याच्याकडेच: ‘तुनी गाडी घाटमा रडस!’

मग वॅगनची जागा कुणी घेतली? छोट्या एसयूव्हीनं. आणि यात हौशीइतकाच हात सरकारी टेपचा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचा उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आला. झालं! सगळ्या कंपन्या टेप घेऊन बसल्या. इंडिगोची शेपूट कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस निघाली ती याचमुळे. वॅगन म्हणजे तर मागे वाढवलेली गाडी, ती चार मीटरमध्ये बसणार कशी? त्यापेक्षा गाडी वर वाढवा, उंचीला कर नाही! २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३००, मग सोनेट, मॅग्नाइट, कायगर... रांगच लागली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले आणि हा टेप आणखी महत्त्वाचा झाला. चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. त्यापुढे ४० टक्के. गंमत बघा, ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत, पण पेट्रोल इंजिन १.५ लिटरचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. नेक्सॉन किंवा थ्रीएक्सओचं डिझेल १४९७ सीसी, म्हणून ते १८ टक्क्यांत. घासाघीस करणाऱ्या आमच्या मित्राला हे कळल्यावर तो दोन दिवस खूश होता.

पण उंच गाडी घाटात नेली की तिचा हिशेब वेगळा होतो. वजन वर गेलं की वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते. पुढे बसलेल्याला ते ‘स्पोर्टी’ वाटतं, मागे बसलेल्या आप्पांना मळमळतं. एकाच मारुतीच्या दोन गाड्या घ्या: ब्रेझाची उंची १६८५ मिमी, फ्रॉन्क्सची १५५०. म्हणजे साडेतेरा सेंटीमीटरचा फरक. फ्रॉन्क्समध्ये बसून कन्नडची वळणं घेतली की कळतं, अरे, ही तर चोरून आणलेली वॅगनच आहे! टर्बो इंजिन १०० पीएसचं, आकडा मोठा नाही, पण गाडी हलकी असल्यामुळे पळते. मात्र आप्पांना तिच्यात बसवून पाहिलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, ‘उतरायला तुम्ही दोघं असाल तर घ्या.’ फ्रॉन्क्स बाद.

उरल्या तीन. नाशिकला बनणारी महिंद्रा थ्रीएक्सओ, रांजणगावची टाटा नेक्सॉन आणि चाकणची स्कोडा कायलॅक. तिन्ही महाराष्ट्राच्या लेकी, त्यामुळे भांडण घरातलंच.

थ्रीएक्सओच्या टीजीडीआय पेट्रोलमध्ये १३० च्या आसपास पीएस आणि २३० न्यूटनमीटर टॉर्क. हा टॉर्कचा आकडा नीट बघा, कारण घाटात कामाला येतो तो हाच. तीव्र वळणावर गाडी जवळपास थांबते, पुन्हा चढायचं असतं, आत पाच माणसं, एसी फुल, बाहेर मे महिन्याचं खानदेशी ४४ अंश. अशा वेळी एक लिटरचं छोटं टर्बो इंजिन क्षणभर दम खातं, टर्बोला हवा भरेपर्यंत गाडी विचारात पडते. थ्रीएक्सओ पडत नाही. मागची सीटही रुंद, आप्पा खूश. फक्त डिकी! आईची पहिली गोणी आत गेली की दुसरी मांडीवर.

कायलॅकचं १.० टीएसआय ११५ पीएस आणि १७८ न्यूटनमीटर. कागदावर कमी. पण स्टिअरिंग हातात घेतलं की आरएसवाला मित्रसुद्धा गप्प बसला, आणि तो सहसा बसत नाही. गाडी वळणात घातली तिथेच जाते, झुकत नाही, ब्रेकवर विश्वास बसतो. डिकी ४४६ लिटर, या वर्गात खरोखर मोठी. गोची मागच्या सीटची: दोघांना छान, तिसरा बसला की खांद्याला खांदा. डिझेल नाहीच, स्कोडानं २०२० मध्येच भारतात डिझेल बनवणं थांबवलं.

नेक्सॉन डिझेल म्हणजे घरातला थोरला भाऊ. ११५ पीएस, २६० न्यूटनमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिमी. भरल्या गाडीनं दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये निवांत घाट चढते, अ‍ॅव्हरेजही देते. इंजिनाचा आवाज मात्र आत येतो आणि ‘मजा’ या रकान्यात तिला काठावर पास करावं लागतं. शिवाय बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा फिल्टर असतो. रोज फक्त हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत राहिलात तर तो चोंदतो, लांब पल्ल्याला सलग पळवली की आपोआप साफ होतो. शहरातच फिरणाऱ्यांनी म्हणून डिझेलच्या नादी लागू नये. दर पंधरा दिवसांनी गावाला जाणाऱ्यांना तो त्रास सहसा होत नाही.

सुरक्षेवर मात्र तिघींत भांडायला फार जागा नाही. नेक्सॉननं २०१८ मध्ये ग्लोबल एनसीएपीचे पाच तारे मिळवले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. थ्रीएक्सओला आणि कायलॅकला भारत एनसीएपीचे पाच तारे. पण तारे भिंतीवर आपटून मोजतात हो, घाट उतरून नाही! शुक्रवारी रात्री अकरा वाजता संभाजीनगरकडून येताना आपण घाट चढत नसतो, उतरत असतो, तेही दिवसभर कामानं थकलेले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२३ मध्ये अवजड वाहनांना या घाटात बंदी घातली, तेव्हा इथल्या कोंडीत रात्र काढलेल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पावसाळ्याचं तर विचारूच नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला इथे दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात पूर आला, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही.

तेव्हा उतरताना काय, हे टेस्ट ड्राइव्हला बघाच. जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गियरमध्ये चढाल त्यातच उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा गियर धरून ठेवता येतो का, गाडी स्वतःहून वरचा गियर टाकते का, हे तपासा. इंजिनानं गाडी रोखली तर ब्रेक तापत नाहीत. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग आजही आहेत. अशांच्या मागे लागू नका, पुढे तर मुळीच राहू नका.

आमच्या मित्राचा निकाल? तीन रविवार, दोन शोरूम आणि अगणित कटिंग चहांनंतर तो थ्रीएक्सओ डिझेलवर थांबला. ३०० न्यूटनमीटर टॉर्क, मागे आप्पांसाठी ऐसपैस सीट आणि १८ टक्क्यांचा कर. माझं मत कायलॅकला होतं आणि अजून आहे, पण दर दोन महिन्यांनी मागच्या सीटवर मी बसणार नाही, आप्पा बसणार आहेत. डिकीचा प्रश्न त्यानं छतावर कॅरियर लावून सोडवायचं ठरवलंय. म्हणजे वजन आणखी वर! आरएसवाल्यानं हे ऐकून कपाळावर हात मारला. आईला मात्र कॅरियरची कल्पना भलतीच आवडली आहे. ती आता मोठी गोणी शोधते आहे.