क्लाउड भाड्याचा, किल्ली मात्र शेतकऱ्यांची

मातीपरीक्षणाचे अहवाल, हवामान केंद्रांच्या नोंदी, रोगग्रस्त पिकांची छायाचित्रे आणि सभासदांचे बँक तपशील ही शेतीविषयक माहिती आता अधिकाधिक प्रमाणात क्लाउडवर साठवली जाते. क्लाउड म्हणजे इंटरनेटद्वारे भाड्याने वापरलेले दूरच्या डेटा सेंटरमधील संगणक. ‘ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस’ हे त्याचे परिचित उदाहरण. भारतात तिचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून, तर हैदराबाद क्षेत्र २०२२ पासून कार्यरत आहे.

तिच्या मूलभूत सेवा पाच. ‘एस-थ्री’ हे छायाचित्रे व दस्तऐवजांचे गोदाम. ‘ईसी-टू’ हा भाड्याचा संगणक. तो चालू असेपर्यंत आकारणी होते, म्हणून काम नसताना बंद करणे हिताचे. ‘आरडीएस’मध्ये सभासद, पीक व विक्रीच्या तक्तेवजा नोंदी राहतात. ‘लॅम्डा’ ही सेवा एखादी घटना घडताच, उदाहरणार्थ छायाचित्र दाखल होताच, ठरलेले काम करते आणि तेवढ्याच वापराचे शुल्क घेते. ‘आयएएम’ मात्र कोणाला काय पाहता वा बदलता येईल, हे ठरवते.

या पाचव्या सेवेकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. अवजार बँक पेरणीयंत्र सुस्थितीत देते; बियाणे किती खोल पेरावे, हे शेतकऱ्यालाच ठरवावे लागते. तसेच डेटा सेंटरची सुरक्षा कंपनी सांभाळते. माहिती कोणासाठी खुली करावी, ही जबाबदारी ग्राहकाची. शेतकरी उत्पादक कंपनीने ॲप तयार करणाऱ्याच्याच नावाने खाते उघडू दिले, तर करार संपताच सभासदांची माहिती अडकून पडू शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणाऱ्यावरच उत्तरदायित्व टाकले आहे. काम बाहेर सोपवले म्हणून ते टळत नाही.

म्हणून खाते उत्पादक कंपनीच्याच नावाने व ई-मेलवर असावे. मुख्य खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी असावी आणि दैनंदिन कामासाठी मर्यादित परवानग्या द्याव्यात. खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना मिळण्याची सोय करावी. माहितीची एक प्रत ठरावीक काळाने स्वतःकडे उतरवून घ्यावी. मोठा साठा बाहेर काढण्यास शुल्क पडते, त्याचीही तरतूद असावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी ॲपची शिफारस करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : खात्याची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर समाधानकारक नसेल, तर करारावर स्वाक्षरीची घाई नको.