पारपत्राहून मोठा ठरलेला मोबाइल क्रमांक

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भारतातील रोख व्यवहारांची सवय मुळापासून बदलली. भाजीच्या गाडीपासून कोकणातल्या खानावळीपर्यंत क्यूआर कोडचा चौकोन दिसतो. कार्ड स्वीकारणारे यंत्र मात्र तिथे क्वचितच असते. त्यामुळे सुट्टीसाठी मायदेशी आलेला अनिवासी मराठी माणूस खिशात परदेशी बँकेचे उत्तम कार्ड असूनही रिक्षाचे भाडे देताना अडतो. ही अडचण पैशांची नाही, ओळखीची आहे.

यूपीआयच्या रचनेतच तिचे मूळ आहे. ॲपची नोंदणी करताना फोनमधील सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो आणि तो क्रमांक खात्याशी जुळला तरच पुढचे दार उघडते. प्रवासासाठी घेतलेले ई-सिम बहुधा केवळ डेटा देते. त्याला स्वतःचा क्रमांक नसतो. नकाशे दिसतात, व्हॉट्सॲप चालते, पण ना नोंदणीचा एसएमएस जातो ना ओटीपी येतो. मोबाइल डेटा आणि पैसे हे प्रवासाच्या तयारीतील दोन वेगळे विषय आता राहिलेले नाहीत.

एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा दिली. पहिल्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती असे दहा देश होते. शेजारचे कुवेत आणि बहरीन तीत नव्हते, जर्मनीही नव्हता. यादी नंतर वाढली, परंतु देश यादीत असणे पुरेसे नाही. आपली बँक आणि आपले ॲप या दोघांनीही ती सोय दिलेली असावी लागते.

म्हणून अनेक जण जुना भारतीय क्रमांकच जपतात. त्यातही जोखीम आहे. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही आणि त्यात २० रुपयांची शिल्लक नसेल, तर ते बंद होऊ शकते. काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. बँक, आधार, प्राप्तिकर, डीमॅट या साऱ्यांच्या किल्ल्या ज्या क्रमांकाला बांधलेल्या, तो अनोळखी माणसाच्या हाती जाणे ही केवळ गैरसोय म्हणता येणार नाही.

आणखी एक वाट सोपी दिसते, पण ती नियमबाह्य आहे. परदेशी स्थायिक झाल्यावरही जुने निवासी बचत खाते तसेच ठेवून त्यावर यूपीआय चालवणे फेमाच्या चौकटीत बसत नाही. ते खाते एनआरओमध्ये बदलून घेणे बंधनकारक आहे.

ज्यांचे भारतात खातेच नाही, त्या परदेशी जन्मलेल्या पिढीचे काय? २०२३ मध्ये जी-२० देशांच्या प्रवाशांपासून परदेशी पाहुण्यांना यूपीआय खुले होऊ लागले. ‘यूपीआय वन वर्ल्ड’ या सोयीत पारपत्र व व्हिसा दाखवून प्रीपेड वॉलेट मिळते आणि त्यातून दुकानदाराला पैसे देता येतात. येथे ओळख पारपत्रावर ठरते, हे लक्षणीय आहे. पाहुण्यासाठी जे शक्य झाले, ते वर्षानुवर्षे केवायसी पूर्ण केलेल्या खातेदाराला देशांच्या यादीत अडकवून का ठेवावे?

सिमशी घातलेली गाठ फसवणूक रोखते, हा प्रतिवाद वजनदार आहे. तरीही ओळख पटवण्याचा तो एकमेव मार्ग नाही, हे रिझर्व्ह बँकेनेही मान्य केले आहे. सप्टेंबर २०२५ मधील तिच्या निर्देशांनी एसएमएसवरील ओटीपीखेरीज अन्य पर्यायांना वाट करून दिली आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठेवली. मात्र पर्यायांना परवानगी असणे आणि बँकांनी ते अनिवासी ग्राहकापर्यंत पोहोचवणे यांत अंतर आहे.

ते मिटेपर्यंत तयारी परदेशातूनच करावी लागेल: बँकेकडील क्रमांक तपासणे, भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवणे, यूपीआयचा एक छोटा व्यवहार करून पाहणे. विमानतळावर उतरल्यानंतर ओटीपी मिळवण्यासाठी ओटीपीच मागितला जातो, आणि तिथे कोणतेही पारपत्र उपयोगी पडत नाही.