प्लॉट घ्या, पण राहायला जा!

मंडळी, आम्हा आयटीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर सध्या एकच विषय: कुहीत प्लॉट. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून 'भाव वाढणारच' हे पालुपद. राहायला कोण जाणार? छे! कुंपण घालायचं, गाजरगवत वाढू द्यायचं आणि पाच वर्षांनी विकायचं. याला म्हणे गुंतवणूक!

याच कुही तालुक्यातली कितीतरी गावं गोसीखुर्द धरणापायी उठली. धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. घर-शेत बुडालेला माणूस मोबदल्याचे पैसे घेऊन जागा शोधायला निघतो, तर समोर आम्ही उभे, पुण्या-बंगलोरचे पगार घेऊन. धरणाने उठवलं, आता आम्ही बसू देत नाही.

"पण कास्तकाराला चांगला भाव मिळतो ना?" मिळतो की, एकदाच. उद्या त्याच्याच पोराला गावात घर बांधायचं असेल, तर जागा आमच्याच भावाने घ्यावी लागेल.

घ्यायचाच असेल तर सातबारा आणि एनए आदेश बघून घ्या, घर बांधा, किराणा तिथूनच आणा, पोरं तिथल्या शाळेत घाला. जमत नसेल तर बँकेत एफडी करा. तिच्यात गाजरगवत उगवत नाही, आणि कुणाचं घरही अडत नाही.

असो.