आत्तींनी काय मागितलं?

2024 च्या दिवाळीनंतर माझ्या सासूबाई गेल्या. वय 88. आमच्या खटाव तालुक्यात सासूला आत्ती म्हणतात. बी.ए. मराठी झालेली सून घरात असली की श्रद्धांजलीचा मजकूर तिच्याच गळ्यात पडतो. मी लिहिलं, 'पतीला सावलीसारखी साथ देणाऱ्या, लेकरा-नातवंडांसाठी आयुष्य वेचणाऱ्या, कधीही कुणाकडे काही न मागणाऱ्या...' दहाव्याला ते वाचून दाखवलं तेव्हा बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. मीही रडले.

मैत्रिणींनो, त्यातली दोन वाक्यं धडधडीत खोटी होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

सावलीचं आधी सांगते. सासरे 1954 च्या सुमाराला परळच्या एका गिरणीत लागले. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, मग ते गावी आले ते कायमचेच. मधली अठ्ठावीस वर्षं ते मुंबईत आणि आत्ती गावात. यात्रेला आणि सुगीला यायचे, वर्षाकाठी फार तर महिना-सव्वा महिना. मी एकदा हिशेब मांडला, तर अठ्ठावीस वर्षांत जेमतेम अडीच-पावणेतीन वर्षांचा संसार! सावली पडायला माणूस जवळ तरी पाहिजे, नाही का?

घरचं सगळं आत्तींनी बघितलं. सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, चार मुलं, दोन म्हशी, मटकी-बाजरीचं कोरडवाहू रान. पेरणीला गडी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतः पाभर धरली. बाईनं पाभर धरली म्हणून गाव हसलं, पण पीक आल्यावर हसणारे उसनी बाजरी न्यायला आले. 1972 च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायच्या आणि मुलांना द्यायच्या. मिलोच्या लाल भाकरीचं नाव काढलं तरी म्हातारपणीसुद्धा तोंड वाकडं करायच्या. मनिऑर्डर यायची, नाही असं नाही. पण तिच्यावर घर चालायचं, हे सासऱ्यांच्या मित्रांचं मत. आत्तींचं वेगळं होतं.

गिरणगावावर पुष्कळ लिहून झालंय. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. फार मोठं काम. पण त्याच कामगारांचं रान आणि म्हातारे आईबाप ज्या गावाकडे सांभाळत होत्या, त्यांची गणती कुणी केली? त्यांना आपण 'पतिव्रता' म्हणून मोकळे झालो.

आता मागण्याचं. आत्तींनी मागितलं होतं, चांगलं दोनदा. पहिल्यांदा, लग्नाला चार-पाच वर्षं झाली तेव्हा, 'मला बी मुंबैला न्या की.' सासरे हसले. त्यांचंही खोटं नव्हतं. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, तिथे बायको कुठे ठेवणार? आणि इथले म्हातारे कुणी बघायचे? विषय संपला. आत्तींनी मुंबई पाहिली ती पुढे कित्येक वर्षांनी, एका पुतण्याच्या लग्नात. दोन दिवस.

दुसरं मागणं होतं लेकींसाठी. त्याला कारण होतं. त्यांचे वडील गेल्यावर भावांनी त्यांना पंचमीला माहेरी नेलं आणि येताना तालुक्याला एका कागदावर अंगठा घेतला. हक्कसोडपत्र. वर नवं लुगडं दिलं. ते लुगडं त्या विरेपर्यंत नेसल्या. मला एकदा म्हणाल्या, 'अडीच एकराचं लुगडं नेसले बग मी.' हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. म्हणून 2009 ला सासरे गेले तेव्हा वारसनोंदीत दोन्ही मुलींची नावं लागली आणि आत्तींनी ती काढू दिली नाहीत. शेवटच्या आजारपणातसुद्धा दोघा मुलांना जवळ बसवून म्हणाल्या, 'पोरींच्या सह्या घेऊ नगा.'

तेराव्यानंतर दोनच दिवसांनी मोठ्या दिरांनी टाइप केलेला कागद आणला.

दीर वाईट नाहीत. बहिणींची लग्नं, बाळंतपणं, आईचं दवाखान्याचं, सगळ्यात त्यांनी पदरचं घातलंय. त्यांना वाटतं, रीतच आहे. नणंदाही पेन घेऊन तयार! धाकटी म्हणाली, 'माहेर तुटायला नको गं वहिनी.' वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये मुलीला मुलाएवढा हक्क दिला. आईचा वाटा तर 1956 च्या कायद्यानंच मुलामुलींत सारखा जातो. हे मी बचत गटाच्या बैठकांत बारा वर्षं सांगत आलेय. आणि त्या दिवशी माझ्या घरात मी काय करत होते? चहा ओतत होते.

खरं सांगते, तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. धाकट्या सुनेनं दिरांपुढे बोलायचं नसतं, हे मुरलेलं असतं आपल्यात. पण नणंदेनं पेनाचं टोपण काढलं आणि मला ते लुगडं आठवलं. म्हटलं, 'भाऊजी, आत्तींनी आयुष्यात दोनदाच मागितलं. पहिलं तर आपल्या हातात नव्हतं. हे तरी देऊ या.' कुणीच बोललं नाही. माझे यजमान खाली बघत बसले. मग थोरल्या नणंदेनं बहिणीच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या हातातला चहाचा ट्रे घेऊन आत गेली.

कागद कपाटात तसाच आहे. दीर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. नणंदा मात्र पंचमीला आल्या होत्या, चार दिवस राहिल्या. वर्षश्राद्धाचा मजकूरही मीच लिहिला. त्यात 'सावलीसारखी' नाही आणि 'कधी काही न मागणाऱ्या' हेही नाही. पाभरीचं लिहिलं. दीर वाचून म्हणाले, 'हे कशाला?' पण खोडलं नाही.