इंजिन बांधणारा गुन्हेगार, सायलेन्सर फोडणारा मोकाट

शोरूममधून पाचशे हॉर्सपॉवरची गाडी घ्या, पासिंग करा आणि संध्याकाळी एफसी रोडवर फिरवा. कायद्याची काहीच हरकत नाही. पण घरच्या जुन्या हॅचबॅकचं इंजिन एखाद्या कसबी मिस्त्रीकडून नीट बांधून घेतलं, क्षमता थोडी वाढवली, ताकद वीस हॉर्सपॉवरनं वाढली, तर तुम्ही गुन्हेगार ठरू शकता.

अतिशयोक्ती नाही ही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल, असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-ए बदललं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लगेच कोणी म्हणेल, बरोबरच आहे की, रस्त्यावर माणसं मरतात. मरतात, मान्य. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गेले. ती गाडी कुठल्या गल्लीतल्या गॅरेजात तयार झाली होती का? नाही राव. कंपनीतून आलेली नवीकोरी पोर्शे टायकन होती, इलेक्ट्रिक, आणि तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे ताकद हा प्रश्न असेल तर कायद्यानं ती विकत घेणाऱ्याला मोकळी ठेवलीय आणि हातानं कमावणाऱ्याला बंद केलीय. हा सुरक्षेचा नियम कसा? हा तर खिशाचा नियम झाला.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच लोकांना झोंबणार आहे. इंस्टाग्रामवर ‘स्टेज टू’, ‘स्टेज थ्री’च्या पाट्या लावून बसलेले निम्मे लोक इंजिन बांधतच नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापायचा, त्या जागी सरळ पाइप घालायचा, लॅपटॉप लावून कुठूनतरी उतरवलेली फाइल ईसीयूत टाकायची, मागून फटाके वाजले की काम झालं. गिऱ्हाइकाला वाटतं गाडी धावतेय. खरं म्हणजे गाडी फक्त ओरडतेय. कन्व्हर्टर काढल्यावर जो विषारी धूर निघतो तो मागच्या स्कूटरवर आईपुढे उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जातो. याला ट्यूनिंग म्हणणं हा खऱ्या मिस्त्रीचा अपमान आहे.

मग खरं काम म्हणजे काय? थोडं तपशिलात सांगतो, कारण या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांनी इंजिन खोललेलं बघितलेलं नसतं.

ब्लॉकला बोअर मारून होनिंग करताना वर जाड टॉर्क प्लेट बोल्टनं आवळतात. का? तर हेड आवळलं की सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून तो त्याच ताणाखाली गोल करायचा असतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तोलून एकमेकांच्या वजनाला आणायचे. टर्बोचा दाब वाढवायचा असेल तर रिंगची फट हिशेबानं जास्त ठेवायची, नाहीतर रिंग तापून फुगते, तिची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. कॉम्प्रेशन वाढवलं की पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोकायला लागतं, म्हणून ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण डायनोवर एकेका टप्प्याला तपासायचं. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचं गणित. पूर्ण ताकद मागताना मिश्रण त्याहून घट्ट लागतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल. शुद्ध इथेनॉलला साधारण ९ भागच हवा लागते, म्हणजे सगळा हिशेब बदलला. उतरवलेल्या फाइलला यातलं काय कळणार?

आणि रस्त्याचं इंजिन वेगळं, ट्रॅकचं वेगळं. रस्त्याच्या इंजिनाला मे महिन्याच्या उन्हात, एसी लावून, सिग्नलला शांत उभं राहता आलं पाहिजे आणि लाखभर किलोमीटर चाललं पाहिजे. ट्रॅकच्या इंजिनाचा कॅमशाफ्टच असा असतो की खालच्या आरपीएमला ते धडधडतं, अर्धवट जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतं. लांब वळणावर संपमधलं तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंग जातात. म्हणून संपमध्ये पडदे घालायचे किंवा ड्राय संप बसवायचा. ट्रॅकचं इंजिन रस्त्यावर आणणं मूर्खपणा आणि रस्त्याचं तसंच ट्रॅकवर नेणं म्हणजे इंजिनाचा खून. ही रेघ जाणकार मिस्त्रीला पक्की माहीत असते. आपल्या कायद्यालाच ती माहीत नाही.

‘मग काय सगळ्यांना मोकळं सोडायचं?’ अजिबात नाही. वाट आपल्याच नियमांत आहे. सीएनजी किट बसवतो तेव्हा काय करतो? मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त सेंटर, मग आरसीवर नोंद. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायलाही अशीच मंजुरीची पद्धत आहे. पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवण्यावर सरकार विश्वास ठेवू शकतं, तर फोर्ज्ड पिस्टनवर का नाही?

बाहेर बघा. जर्मनीत बदललेली गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेकडे नेतात. पास झाली की बदल कागदावर चढतो. प्रदूषणाच्या बाबतीत अमेरिकेत सगळ्यात कडक मानलं जाणारं कॅलिफोर्निया, तिथे पार्ट तपासून त्याला मंजुरीचा क्रमांक देतात. इंजिनात असा क्रमांक नसलेला पार्ट दिसला की गाडी धुराच्या तपासणीत नापास. दोन्हीकडे नियम कडक आहेत, पण चांगलं काम करणाऱ्याला दार उघडं आहे. आपल्याकडे ते दारच नसल्यामुळे चांगलं काम करणारा आणि फटाके वाजवणारा एकाच अंधारात बसलेत. अंधारात धंदा कोणाचा चालतो ते सांगायला नको.

यात नुकसान आपलं होतंय, महाराष्ट्राचं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत देशभरच्या गाड्यांचं कास्टिंग ओततात. मेनन पिस्टन्स कोल्हापूरची. गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यात. केटीएम ३९० चं इंजिन चाकणला बनतं, आणि आपली इंजिनिअरिंगची पोरं तेच इंजिन घेऊन फॉर्म्युला कार बांधतात. पण स्पर्धेला कुठे जातात? कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, हजार किलोमीटरहून लांब.

त्या ट्रॅकला नाव आहे एस. करिवर्धन यांचं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या माणसानं मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली. नारायण कार्तिकेयनसारखी पोरं तिच्यावर शिकली आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून सर्किट आहे. आपल्याकडे कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या. पूर्ण लांबीचं सार्वजनिक सर्किट मात्र नाही. मग पोरं रात्री दोनला हायवेवर जातात आणि कधीकधी परत येत नाहीत.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. सीएनजी किटसारखीच इंजिनाच्या बदलासाठी मंजुरी : तपासलेला पार्ट, नोंदणीकृत वर्कशॉप, धूर, आवाज आणि ब्रेकची चाचणी, मग आरसीवर नोंद. नोंद झाली की विमा कंपनीनं क्लेम नाकारायचा नाही. ताकद वाढवणाऱ्यानं ब्रेक आणि टायरही त्या तोडीचे दाखवायचे.

२. फक्त ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीची वेगळी नोंद. ती ट्रेलरवरूनच न्यायची, रस्त्यावर चालवली तर जप्त.

३. महाराष्ट्रात एक सार्वजनिक सर्किट. सामान्य पोराला परवडेल अशी फी, आणि ॲम्ब्युलन्स जाग्यावर.

४. कन्व्हर्टर कापणाऱ्याला माफी नाही. दंड मालकाला तर हवाच, पण कापून देणाऱ्या गॅरेजलाही तेवढाच.

चौथी मागणी वाचून ज्यांच्या पोटात दुखलं, त्यांनी कमेंटमध्ये यावं. पण येताना गाडीचा डायनो रिपोर्ट आणि पीयूसीचा कागद घेऊन यावं. सायलेन्सरचा व्हिडिओ चालणार नाही.

आणि आरटीओतल्या साहेबांना एकच प्रश्न. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला मिस्त्री सचोटीनं इंजिन बांधून, पावती देऊन, कर भरून धंदा करू इच्छितो. त्यानं अर्ज कुठे करायचा? फॉर्मचा नंबर सांगा. आम्ही भरतो.